सरांची खूण

मयुरी सोनकुसरेचे हात स्वस्थ बसत नसत. पोळी लाटता लाटता ती मध्येच डाव्या कोपराला हात लावी, मग कपाळाला, मग कमरेला. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, सिग्नलवर स्कूटी थांबवून उभी असतानाही तेच. शेजारच्याला वाटे, हिला काहीतरी चावतंय.

"मच्छर मारून राहिली का वं?" आई विचारायची.

"नाही वं आई."

"मंग हात जागेवर ठेव ना. त्या दिवशी पाहुणे आले होते तेव्हाबी तुहं हेच चालू. त्याहिले वाटलं असन, पोट्टीले खरूज झाली."

कारण खरूज नव्हतं, बेसबॉल होतं. शहरातल्या एका जुन्या कॉलेजात मयुरी मुलींच्या बेसबॉल टीमची असिस्टंट कोच होती, आणि असिस्टंट कोचचं मॅचमधलं मुख्य काम हातांचं असतं. धावणारी मुलगी पहिला, दुसरा, तिसरा बेस ओलांडून परत होमवर, म्हणजे बॅटरच्या जागी, आली की एक रन होतो. मुख्य कोच बाहेर खुर्चीवर बसतो. असिस्टंट तिसऱ्या बेसजवळ, चुन्याने आखलेल्या चौकोनात उभी राहते. खुर्चीवरून खूण येते. असिस्टंट ती वाचते आणि आपल्या खुणांत बदलून बॅटरला आणि रनरला देते. टोपी, छाती, पट्टा, कान असे हात भराभर फिरवायचे. त्यातली डाव्या कोपरानंतरची पहिली खूण खरी, बाकी समोरच्या टीमला चकवायला. दहा-बारा वर्षं हे केलं की हात घरीही थांबत नाहीत.

खुर्चीवर बाबनराव धकाते सर बसत. त्यांच्या खुणा त्यांच्यासारख्याच साध्या होत्या. चष्मा सारखा केला म्हणजे बेस चोरायचा, फटक्याची वाट न पाहता पुढच्या बेसवर पळायचं. पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवलं म्हणजे खुला फटका मारायचा. गळ्यातला दुपट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकला म्हणजे स्क्वीझ: बॅटरने बॅट आडवी धरून चेंडू हलकेच पुढ्यात टाकायचा, म्हणजे बंट, आणि तिसऱ्या बेसवरच्या मुलीने चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या हातून तो सुटताच जिवाच्या आकांताने होमकडे पळायचं. सरांना स्क्वीझ फार आवडे. "मारनं तं गध्यालेबी येते," ते म्हणत. "बंट टाकाले डोकं लागते."

मयुरीला या खेळात त्यांनीच आणलं होतं. ती महाल भागातल्या शाळेत जायची तेव्हा एका दुपारी चिंचेवर दगड मारताना सरांनी तिला पाहिलं. ते थेट घरी आले आणि तिच्या वडिलांना म्हणाले, "भाऊ, तुमच्या पोट्टीचा हात मले देऊन द्या. दगडाच्या जागी बॉल देतो, बस." वडिलांचा माग नुकताच बंद झाला होता आणि ते एका कापड दुकानात बसायला लागले होते. त्यांना बेसबॉल काय ते ठाऊक नव्हतं, पण मास्तर घरी आला याचंच त्यांना अप्रूप. मयुरी खेळली, बी.एस्सी. झाली, विद्यापीठाकडून खेळली. मग खांदा गेला. सरांनी तिला शेजारी उभं केलं. "माझ्यानंतर तूच," असं ते म्हणाले होते. पुढे दरवर्षी एकदा तरी म्हणत.

आणि आता सरांचे डोळे गेले होते. पूर्ण नाही, आणि म्हणूनच कुणाला कळत नव्हतं.

तिला कळलं ते पावसाळ्यानंतरच्या सरावात. बाजूने गडगडत आलेला चेंडू सरांच्या बुटाला लागला आणि ते दचकले. दुसऱ्या दिवशी तिने डावीकडून चहाचा कप पुढे केला, तर हात कपाच्या पलीकडे गेला. मयुरीला अंदाजावर थांबणं जमत नसे. बोलता बोलता ती सरांच्या समोर उभी राहिली आणि हातातली बॅट हळूहळू बाजूला नेत गेली. त्यांची नजर थोडी बॅटबरोबर गेली आणि एका जागी सुटली. उजवीकडेही तसंच. समोरचं स्वच्छ दिसत होतं, बाजूचं सगळं गेलेलं होतं.

"काय करून राहिली वं?" सर म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "डॉक्टर म्हणते, नळीतून पाहिल्यासारखं राहीन आता. कोनाले सांगू नको."

तिने सांगितलं नाही. सरांना पिचर दिसे, बॅटर दिसे. फिल्डर कुठे सरकल्या, तिसऱ्या बेसची फिल्डर किती पुढे आली, हे दिसत नसे. खुणा मात्र ते पूर्वीच्याच आत्मविश्वासाने देत. पहिल्या मॅचमध्ये तिने त्यांची एक खूण बदलली, कारण ती दिली असती तर मुलगी नक्की आऊट होती. सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या मॅचमध्ये तिने तीन बदलल्या. पुढे सवयच झाली. ती खुर्चीकडे पाही, मान डोलावी आणि स्वतःला योग्य वाटे ती खूण देई. बॅटर तर सरांना दिसत होती. त्यांनी बंट सांगितला आणि बॅटरने दणकून मारलं, हे त्यांना कळत असणारच. तरी या गोष्टीवर दोघांत एक शब्दही झाला नाही. टीम जिंकत गेली. पेपरात सरांचा फोटो आला.

फायनलच्या आठवड्यात संस्थेचे सचिव गणपतराव क्रीडा विभागात आले. उंच, उत्साही माणूस, खेळातलं फारसं न कळणारा, पण मॅच चुकवत नसे. खुर्चीत बसायच्या आधीच ते म्हणाले, "धकाते सर, मे महिन्यात तुम्ही रिटायर होऊन राहिले, पन तुम्हाले सोडाचा विचारच नाही आमचा. फायनल काढा, मी दोन वर्षाच्या मुदतवाढीचा ठराव आनतो. असा सीझन काढनारा मानूस घरी कोन बसवते?"

सर हसले. "आता काय, तुमची मर्जी."

मयुरी कोपऱ्यात हेल्मेट पुसत होती. तिने तेच हेल्मेट पुन्हा पुसलं.

त्याच आठवड्यात प्रताप नगरमधल्या एका शाळेतून फोन आला होता. क्रीडाशिक्षिकेची कायम नोकरी. ड्रिल, लेझीम, वार्षिक क्रीडादिन. बेसबॉल नाही. तिथल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, "सोमवारपर्यंत सांगा, आम्हाला थांबता येणार नाही."

ती रात्रभर कूस बदलत राहिली असं नाही. ती झोपली, पण सकाळी उठली तेव्हा जबडा दुखत होता. हिशेब सरळ होता आणि कुठूनही मांडला तरी उत्तर तेच येत होतं: ती जितकं चांगलं काम करील तितके सर खुर्चीत राहतील, आणि ते खुर्चीत असेपर्यंत ती चौकोनात.

"जाऊन टाक ना त्या शाळेत," आई म्हणाली. "उन्हातान्हात उभं राहून कोनते हिरे लागून राहिले तुले?"

"जाऊ?"

"मले काय इचारते? तुले जाचं असतं तं तू मले इचारलं नसतं."

शनिवारी दुपारी फायनल सुरू झाली. थंडीतलं ऊन होतं. मैदानाच्या कडेला मुरमाचा ढीग, त्यापलीकडे पाण्याचा टँकर आणि दुसऱ्या अंगाला फाटकापाशी गाड्या. सरांची खुर्ची तिसऱ्या बेसच्या बाजूलाच, चौकोनापासून हाकेच्या अंतरावर होती. आज तिच्याशेजारी दुसरी खुर्ची होती आणि तीवर गणपतराव.

हे मयुरीच्या ध्यानात आलं तेव्हा पहिला डाव सुरू झाला होता. सर खूण देत आणि लगेच गणपतरावांना तिचा अर्थ समजावून सांगत. "आता हे पोट्टी बेस चोरते, पाहा." आणि गणपतराव शाळकरी पोरासारखे पुढे वाकून पाहत. म्हणजे आज तिने खूण बदलली तर ती केवळ सरांना कळणार नव्हती. संस्थेच्या सचिवांसमोर असिस्टंटने कोचचं ऐकलं नाही असं होणार होतं. आणि पुढेमागे कोच नेमायचा अधिकार त्यांचाच.

सुरुवातीला नशिबाने सरांच्या खुणा बरोबर येत गेल्या. तिने त्या तशाच दिल्या.

पाचव्या डावात घोळ झाला तो खुणेने नाही, सवयीने. रितिका तिसऱ्या बेसवर होती. टीममधली सर्वांत वेगवान मुलगी, पण गेल्या महिन्यापर्यंत सॉफ्टबॉल खेळत होती. त्या मैदानावर दोन्ही खेळ त्याच मुली खेळतात, आधी सॉफ्टबॉलचा सीझन, मग बेसबॉलचा. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही. बेसबॉलमध्ये आधीच चार पावलं पुढे सरकून उभं राहायचं असतं. मयुरी महिनाभर त्यांच्यावर ओरडत होती: "पाय सोड! बेसले चिकटली का तू?" रितिकाने ऐन वेळी पाय सोडला नाही. बॅटिंगला असलेल्या भूमिकाने मारलेला चेंडू गडगडत गेला, रितिका उशिरा सुटली आणि होमच्या हातभर आधी आऊट झाली. होमवरच्या कॅचरला धडकून तिचा गुडघा सोलला.

"सॉरी मॅडम," ती परत येताना म्हणाली. डोळे भरले होते. "पायच नाही निघाला."

"पाणी पी. गुडघा धू. मंग रडजो."

मॅच बरोबरीत राहिली. शेवटच्या डावात त्यांची बॅटिंग आली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. एक मुलगी आऊट झाली. रितिकाने फटका मारून पहिला बेस घेतला, दुसरा चोरला, आणि कॅचरच्या हातून चेंडू निसटला तेव्हा तिसरा. पुन्हा ती मयुरीच्या शेजारी, धापा टाकत. समोर बॅटिंगला पुन्हा भूमिका. एक रन झाला की मॅच त्यांची.

रितिका आता उलट टोकाला गेली होती. पाचव्या डावाचा डाग पुसायचा म्हणून ती बेसपासून इतकी पुढे गेली की पिचरने तिसऱ्या बेसवर चेंडू फेकला असता तर जागच्या जागी मेली असती.

"माघारी ये," मयुरी ओठ न हलवता म्हणाली. "अजून. हां. तिथंच."

मग तिने खुर्चीकडे पाहिलं.

सरांनी दुपट्टा उजव्या खांद्यावरून काढून डाव्यावर टाकला. स्क्वीझ. आणि गणपतरावांकडे वळून, उत्साहाने जरा मोठ्यानेच म्हणाले, "आता पाहा मजा. बंट टाकते पोट्टी, अन् रितिका घुसते होमवर!"

मयुरीला ते स्पष्ट ऐकू आलं. समोरच्या टीमच्या, तिसरा बेस सांभाळणाऱ्या मुलीलाही आलं असावं. ती आधीच पुढे सरकलेली होती. आता आणखी पुढे आली, गुडघे वाकवून, जवळजवळ बॅटरच्या अंगावर. सरांना ती दिसत नव्हती. त्यांच्या नळीत फक्त पिचर होती आणि भूमिका होती.

सरांची मान आपल्याकडे वळेपर्यंत थांबून मयुरीने तळहात फिरवला: पुन्हा सांगा.

सरांनी दुपट्टा पुन्हा फिरवला, या वेळी ठसक्यात.

तिचं काम खूण पोचवणं होतं. पोचवली तर तिला कुणीही बोलू शकत नव्हतं. बंट पडेल, ती पुढे आलेली मुलगी चेंडू उचलेल, आणि रितिका होमच्या अर्ध्या वाटेवर आऊट. मॅच लांबेल, कदाचित जाईल. ठराव येणार नाही. मे महिना येईल. आणि यातलं काहीच तिने केलेलं नसेल, तिने फक्त सांगितलेलं ऐकलेलं असेल. इतकी स्वच्छ संधी तिला पुन्हा मिळणार नव्हती, आणि ती किती स्वच्छ आहे हे मनात नीट मोजूनसुद्धा झालं होतं. याचंच तिला नंतर कितीतरी दिवस वाईट वाटणार होतं.

रितिका शेजारी उभी होती. सोललेल्या गुडघ्यावर मुरमाची धूळ बसून चिखल झाला होता. ती मयुरीच्या हातांकडे पाहत होती, जशी बाकी काही जगात नाहीच.

मयुरीने टोपीला हात लावला, कानाला लावला, डाव्या कोपराला लावला, आणि मग पट्ट्याला. खुला फटका. छाती, टोपी, टाळी. रितिकाला ती हळूच म्हणाली, "बॉल त्या पुढं आलेल्या पोट्टीच्या डोक्यावरून गेल्याशिवाय पळू नको."

भूमिकाने मान हलवली. बॅट आडवी झाली नाही. पिचरने चेंडू टाकला, भूमिकाने खांद्यातून मारलं आणि तो पुढे आलेल्या त्या मुलीच्या डोक्यावरून सरळ मागच्या मोकळ्या मैदानात पडला. ती मुलगी जागेवर असती तर सहज झेलला असता.

"जाय!" मयुरी ओरडली. पण रितिका आधीच निघाली होती.

पुढची काही मिनिटं नुसता गोंधळ. मुली एकमेकींवर पडल्या, कुणीतरी बादली वाजवली, रितिका हसत होती आणि रडत होती. मयुरी चौकोनातून निघाली ती खुर्च्यांकडे. गणपतराव उभे होते.

"पन सर," ते म्हणत होते, "तुम्ही तं बंट म्हनले होते. दोनदा म्हनले. अन् पोरीनं तं हानला!"

मयुरी थांबली. सरांनी तिच्या दिशेने मान वळवली, ती बरोबर समोर येईपर्यंत वळवत राहिले, आणि तिला त्यांच्या नजरेत सापडल्यासारखं झालं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मग सर हसले. "गणपतराव, मी मुद्दाम मोठ्यानं बोललो. समोरच्या टीमचे कान इकडंच राह्यते ना. ते पोट्टी पुढं आली का नाही? तिच्या डोक्यावरून काढला."

गणपतरावांनी मांडीवर थाप मारली. "काय डोकं आहे हो तुमचं! मयुरी मॅडम, शिकून घ्या सरांपासून. अजून दोन वर्षं आहेत तुमच्यापाशी." आणि ते मुलींचं अभिनंदन करायला गेले.

मयुरी खाली वाकून सामान भरायला लागली. बॅटा, हेल्मेट, कॅचरचा मोठा हातमोजा. तिने बॅगेची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

"रागावली का वं?" सर म्हणाले.

"नाही."

"मंग बोल ना. मॅच तूच काढली, मले काय समजत नाही? पन थ्या मानसासमोर काय बोलत होतो मी?" त्यांनी आवाज खाली आणला. "दोनच वर्षं. आजवर निभावलं तसं निभावून नेऊ आपन. मंग तूच आहे. घरी बसून काय करू मी? बायको टीव्ही पाह्यते, मले तं थोबी अर्धाच दिसते."

ते हे हसत म्हणाले, आणि ते खरंही होतं. एरवी मयुरी इथे विरघळली असती. चिंचेखालचा तो माणूस तिला अजून दिसत होता.

"सर," ती म्हणाली, "पुढच्या मॅचपासून तुमची खूण जशी येईल तशी देईन मी."

"म्हणजे?"

"म्हणजे जशी येईल तशी. दुपट्टा तर दुपट्टा, झाकण तर झाकण. एकही बदलणार नाही."

लांबवर मुली सेल्फी काढत होत्या.

"धमकी देऊन राहिली का मले?"

"नाही सर. असिस्टंटचं काम करून राहिली."

"अन् पोट्ट्या आऊट झाल्या तं?"

"तुमच्या खुणेवर होतील."

"तू पाहू शकशीन?" त्यांनी एकदम विचारलं. "रितिका मरून राहिली अन् तू पाहून राहिली, जमन तुले?"

तिला खोटं बोलता आलं नाही. "नाही जमणार. म्हणून मग सोमवारी प्रताप नगरच्या शाळेत हो म्हणून टाकीन. तिथं लेझीम आहे."

"लेझीम!" सर इतक्या तिरस्काराने म्हणाले की तिला हसू आलं असतं. "तुह्या हातात लेझीम!"

तिचे हात त्या क्षणीही चालू होते. डावं कोपर, कपाळ, पट्टा. तिने ते खिशात घातले. सर सगळा वेळ तिच्याकडे, म्हणजे नळीत मावेल तेवढ्या तिच्याकडे पाहत होते. मग त्यांनी चष्मा काढला, दुपट्ट्याच्या टोकाने बराच वेळ पुसला आणि परत लावला. त्याने काहीच फरक पडणार नव्हता.

"तुह्या बापाले मी म्हनलं होतं, पोट्टीचा हात देऊन द्या," ते म्हणाले. "वापस कराचं राहून गेलं."

ते उठले. गणपतरावांची हाक कुठून तरी ऐकू येत होती, ड्रायव्हरला गाडी काढायला सांगणारी. सरांनी दुपट्टा गळ्यात सारखा केला आणि हात वर करून ओरडले, "गणपतराव! जरा थांबा! एक गोष्ट सांगाची राहिली तुम्हाले!"

गाडी फाटकापाशी होती, उजव्या बाजूला. सर ताठ मानेने, भराभर, सरळ पाण्याच्या टँकरकडे चालायला लागले. मध्ये मुरमाचा ढीग होता. मयुरीचे हात खिशातून बाहेर आले. मैदानाच्या पलीकडे गणपतराव वळून पाहत होते, मुली पाहत होत्या, आणि सर ढिगाकडे चालले होते.

"उजवीकडे, सर," ती म्हणाली. आणि त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुन्हा म्हणाली, "उजवीकडे! अजून! हां. आता सरळ जा."

सर वळले. एकदा ठेचकाळले, सावरले, आणि सरळ गेले.